पांढरं बिस्कीट

अर्चना, परवा तुझा नंबर लागला.

तुझा मोबाईल अजून चालू आहे. भाऊजी तो रोज रात्री चार्जिंगला लावतात आणि बायकोचा फोन आता कोणासाठी जागा ठेवताय, असं त्यांना घरात कोणी विचारत नाही. परवा सकाळी तो ओट्यावर वाजला. मी लाटणं ठेवलं आणि पिठाच्या हातानंच उचलला. पलीकडून भट्टीवाले चाचा होते. "अर्चनाबेटी, कल तुम्हारा नंबर है. दहा वाजता सामान घेऊन या. आणि डबा पुसून आणा, मागच्या साली तेलकट होता." मी "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला. सांगायचं राहून गेलं असं मी नंतर स्वतःलाच सांगितलं, पण ते खोटं आहे. मला सांगायचंच नव्हतं. सगळ्या देऊळगाव राजात एक माणूस तरी असा उरला होता, ज्याच्या हिशेबानं तू उद्या दहा वाजता येणार होतीस.

कोजागिरीच्या आदल्या सकाळी तू म्हणालीस, "ताई, डोकं लय ठणकून राह्यलं." मी म्हणाले, "चहा घे, बरं वाटेल." दुपारी जालन्याच्या दवाखान्यात पोहोचेपर्यंत तू उरली नव्हतीस. त्यानंतर मी चहा पुष्कळदा केला, अजून एकदाही त्याचा घोट सरळ खाली गेलेला नाही.

दिवाळीआधी आपलं सामान भट्टीवर नेऊन बिस्किटं भाजून आणायची ही रीत गावात जुनीच आहे, पण आपल्या घरात ती तू आणलीस. कणीक, मैदा, डालडा, साखर, वेलची असं सगळं पिशव्यांत भरायचं, चाचांच्या शेजारी उभं राहून मळून घ्यायचं आणि ट्रेवर आपल्या नावाची चिठ्ठी लावायची, म्हणजे एकीची बिस्किटं दुसरीच्या डब्यात जात नाहीत. पहिल्या वर्षी मी, तुझी थोरली जाऊ, तुझ्याबरोबर आले आणि तासाभरात कंटाळले. तू तिथल्या प्रत्येक बाईशी बोललीस. "काऊन हो बाई, यंदा मैदा कमी काऊन आणला?" तू वडनेर भोलजीची, आमच्याकडे कोणी काऊन म्हणत नाही, त्यामुळे सगळ्या हसल्या. मीही हसले. पुढे तुझ्या स्वराच्या तोंडी तो शब्द आला, तेव्हा मी तिला दर वेळी टोकायची, "काऊन नाही, का म्हण." आता ती नऊ वर्षांची आहे. तू गेल्यापासून ती दिवसाला दहादा काऊन म्हणते आणि मी एकदाही टोकलेलं नाही.

साखरेची नक्षी मात्र साऱ्या गावात फक्त तुझी. मोबाईलवर कुठलीशी बाई नाताळच्या बिस्किटांवर आयसिंग करताना पाहिलीस आणि मला म्हणालीस, "नाताळ त्यायचा, दिवाळी आपली. साखर तं एकच हाये ना ताई?" त्या बाईनं अंड्याचा पांढरा बलक घातला होता आणि आपल्या घरात अंडं येत नाही. आठ दिवस तू नुसती साखर वाया घालवत होतीस आणि मी तोंड सोडत होते. शेवटी जमलं. मिक्सरमधून काढलेली साखर जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळायची, फडकं वाटीच्या कडेवर तीनदा आपटायचं, त्यात चिमूटभर कॉर्नफ्लॉवर, लिंबाचा रस आणि पाणी थेंबाथेंबानं. दूध नाही, दुधाचं टिकत नाही. गुलाबी रंगासाठी बिटाचा रस. लग्नसराईत तू मेंदी काढायला जायचीस, त्याच मेंदीसारखा कोन वळून तू बिस्किटांवर वेलबुट्टी काढायचीस. मी त्याला गिलावा म्हणायची. "झाला का गं तुझा गिलावा?" तू मान वर न करता म्हणायचीस, "पहिले भिंत तं उभी राहू द्या ताई."

आणि नावं. घरातल्या प्रत्येकाच्या नावाचं एक बिस्कीट. ही नावं तू दसऱ्यानंतर लगेच करायला घ्यायचीस. दुधाची धुतलेली पिशवी उलगडून तिच्यावर कोनानं नाव लिहायचं, ते आठ-दहा दिवस वाळू द्यायचं, मग अलगद सोलून बिस्किटावर चिकटवायचं. मी विचारलं होतं, एवढे दिवस कशाला? तू म्हणालीस, "कच्चं राह्यलं तं रंग वर येते. पक्कं वाळलं पाह्यजे." हे सगळं मी तुलाच परत का सांगते आहे, तर काल दुपारी यातलं एकेक मला परत ऐकू आलं. ते पुढे सांगते.

आधी आपलं भांडण. त्याला भांडण म्हणायचं की नाही ठाऊक नाही, कारण बोलले फक्त मी.

तीन वर्षांपूर्वी सासूबाई गेल्या. त्या वर्षी दिवाळी नव्हती. वर्ष सरेपर्यंत कढई चढवायची नाही, शेजारीपाजारी आणून देतील त्या फराळावर भागवायचं, हे मी तुला सांगितलं. तू कमरेवर हात ठेवून म्हणालीस, "कढई कुठी चढते ताई? भट्टी तं चाचाची हाये." बिस्किटं आली. संध्याकाळी तू ताट समोर ठेवलंस. भाऊजींचं पप्पा, ह्यांचं मोठे बाबा, माझं मोठी आई, पोरीचं स्वरा, तुझं मम्मी. सगळी नावं पोरीच्या बाजूनं लिहिलेली. आणि मधोमध, आजी.

मी म्हणाले, "गेलेल्या माणसाच्या नावाचं खायचं कोणी?" तू काही बोलायच्या आत मी सुरी घेतली आणि ते नाव खरवडलं. पोर बघत होती. साखरेचा भुगा ताटात पडला, अक्षरं गेली, पण बिटाचा गुलाबी डाग बिस्किटात मुरला होता तो निघाला नाही. तू तेवढंच म्हणालीस, "खरवडल्यानं जाते काय ताई कोणी?" आणि ताट उचलून आत नेलंस. उचलली जीभ लावली टाळ्याला, अशी माझी जन्माची खोड. त्या दिवशी तिच्या जोडीला सुरीही आली.

पुढच्या दिवाळीला तू विचारलंस, "ताई, तुमचं नाव लिहू ना?" मी म्हणाले, "माझं नको. मला साधं पांढरं दे." सुंभ जळला तरी पीळ जात नाही. तेव्हापासून दर दिवाळीला माझ्या बशीत एक पांढरं बिस्कीट यायचं, काठापर्यंत साखर ओतलेलं, वर एक टिंबसुद्धा नाही. ते वरून कधीच सपाट नसायचं. मी बोट फिरवून दाखवायची, "अर्चना, तुझं पांढरं सारखं बसत नाही बघ." तू हसून म्हणायचीस, "आतून फुगते ते." आणि मी खायची. मागच्या दिवाळीतही खाल्लं.

आता जे तुला कधी सांगितलं नाही ते सांगते. गेलेल्या माणसाचं नाव खायची भीती हे नुसतं निमित्त होतं. मी या घरात तुझ्या कितीतरी आधी आले. सासूबाईंची पथ्यं, औषधं, रात्रीची उठबस, सगळं मी केलं. आम्हाला मूल नाही, म्हणून त्यांची बोलणी खाल्ली तीही मीच. आणि शेवटच्या आठवड्यात मी पाण्याचा पेला घेऊन उशाशी बसलेली असताना त्या म्हणायच्या, "अर्चनाला बोलव." तुझ्या हातचं पाणी प्यायल्या आणि गेल्या. त्या ताटात मधोमध त्यांचं नाव, तेही तुझ्या अक्षरात, हे मला बघवलं नाही. मी नाव खरवडलं नाही अर्चना, मी तुझं अक्षर खरवडलं.

तर परवाचा फोन. मी ठेवला आणि वळले तर दारात स्वरा. तिनं सगळं ऐकलं होतं. मी म्हणाले, "जायचं नाही बाळा. यंदा आपल्याकडे कढई चढत नाही." तिनं कमरेवर हात ठेवला. "कढई कुठी चढते, मोठी आई? भट्टी तं चाचाची हाये." तू हे म्हणालीस तेव्हा स्वरा सहा वर्षांची होती आणि त्या वेळी शाळेत होती. मला नक्की आठवतं, कारण तिला आणायला जायचं म्हणून आपण बोलणं तिथेच थांबवलं होतं. तू नंतर कधी तिला सांगितलं असशील. सांगितलं असशीलच. पण हात ठेवायची ती जागासुद्धा तीच होती.

काल दहा वाजता आम्ही दोघी भट्टीवर गेलो. आमचं सामान मळायला घेतलं ते चाचांच्या माणसानं, चाचा आत भट्टीशी होते. बाराच्या सुमाराला ते ट्रे घेऊन बाहेर आले आणि चिठ्ठी बघून ओरडले, "अर्चनाऽ!" बसलेल्या बायकांतल्या ज्यांना ठाऊक होतं त्या माझ्याकडे बघायला लागल्या. चाचा परत ओरडले, "अर्चना आली का? चला लवकर." आणि मी उठून उभी राहिले. "हो," म्हणाले. ते माझ्या तोंडून कसं आलं मला सांगता येणार नाही. स्वरानं माझ्याकडे पाहिलं, जराही नवल न वाटल्यासारखं.

मग चाचांना सांगावं लागलं. त्यांनी ट्रे खाली ठेवला आणि खांद्यावरचा टॉवेल तोंडाला लावला. "कल मैंने फोन किया था," ते म्हणाले, "बोलली ना ती." मी म्हणाले, "मी होते." ते म्हणाले, "आवाज तिचाच होता." मी वाद घातला नाही. त्यांनी ट्रेवरची चिठ्ठी माझ्या हातात दिली. नंबर घेताना तू लिहून दिलेली, तुझ्याच अक्षरातली. कडा धगीनं तपकिरी झाल्या होत्या.

घरी येऊन उरलेल्या बिस्किटांसाठी दुसरा डबा शोधायला तुझं वरचं कपाट उघडलं. तिथे फळीच्या कडेनं मुंग्यांची रांग चालली होती. ती एका चपट्या पत्र्याच्या डब्यापाशी येऊन दुभंगत होती आणि डब्याला वळसा घालून पुढे परत एक होत होती. झाकण नीट लागलेलं नव्हतं आणि आत सगळी साखर होती, तरी एकही मुंगी डब्यावर चढलेली नव्हती. लिंबाच्या वासानं असेल. मी डबा खाली घेतला आणि उघडला.

यंदाची नावं. दुधाच्या पिशवीवर वाळत घातलेली, जाण्याआधीच तू करून ठेवलेली. बिटाचा गुलाबी उतरून जुन्या मेंदीचा रंग झाला होता. पप्पा. मोठे बाबा. स्वरा. आणि आजी. मी पिशवी उलटीसुलटी करून पाहिली. मोठी आई नव्हतं. मम्मी नव्हतं. आपण दोघी नव्हतो. तू नव्हतीस ते खरंच होतं, आणि मग माझ्या मनात आलं, तुझ्या मागून कोण जाणार ते तुला कळलं होतं का? दुपारचा एक वाजला होता, दार उघडं होतं, गल्लीत भाजीवाला ओरडत होता, आणि माझे पाय गार पडले.

स्वरा माझ्या खांद्यावरून बघत होती. "मम्मी तिचं शेवटी करते," ती म्हणाली, "उरलेल्या कोनाचं." करते, म्हणाली. "आणि तुझं नसते. तुला पांढरं पाह्यजे ना."

"आणि आजीचं कुठे लावते?"

ती डब्याच्या कडेवरून बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "रागावशील."

"नाही रागावत."

"तुझ्याच बिस्किटावर. आधी आजी चिकटवते, मंग वरून पांढरं ओतते. मला म्हणे, सांगायचं नाही, मोठ्या आईला कळलं तं खाणार नाही."

मी खाली बसले. बोटांना ते बिस्कीट आठवलं, वरचा तो उंचसखलपणा. गेलेल्या माणसाच्या नावाचं खायचं कोणी, असं मी विचारलं होतं. दोन दिवाळ्या मीच खात होते. सासूबाईंनी माझ्या हातचं पाणी घेतलं नाही आणि तू त्यांना माझ्याच बशीत आणून बसवत होतीस, मुकाट्यानं, वरून माझी बोलणी ऐकत. हे माफ करणं होतं की माझा सूड घेणं, ते मला विचारायचं होतं अर्चना. आधी राग आला, आणि मग इतकं रडू आलं, जितकं तुझ्या तेराव्यालाही आलं नव्हतं. त्या घासांबरोबर माझ्या आत किती काय गेलं असेल. खरंच, मागच्या दिवाळीपासून मला सासूबाईंचा राग आलेला नाही. हे मला काल कळलं.

स्वरानं मला रडू दिलं. मग हळूच म्हणाली, "मोठी आई, मम्मीचं नाव तू लिहिशील ना?"

आणि मी नाही म्हणाले.

एवढं सगळं कळूनही नाही म्हणाले. मला भीती सासूबाईंची नव्हती, मुंग्यांची नव्हती. त्या पिशवीवर पप्पा आणि स्वरा होते आणि आजी होती. मी मम्मी लिहिलं असतं तर ते कोणत्या बाजूला लिहायचं, पप्पा-स्वराच्या की आजीच्या, हे मला ठरवावं लागलं असतं. "तिचं इतक्यात नको," मी म्हणाले. पोरीनं हट्ट केला नाही. तुझ्यासारखीच बिस्किटांचं ताट उचलून आत गेली.

मी पुढच्या खोलीत जाऊन आडवी झाले. थोड्या वेळानं मिक्सर फिरल्याचा आवाज आला. मग बंद झाला. मग वाटीच्या कडेवर फडकं आपटलं, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. घरभर लिंबाचा वास आला. मी डोळे मिटून पडून राहिले, कारण डोळे मिटलेले असेपर्यंत आत तू होतीस. कोन दाबताना तू नाकातून श्वास सोडायचीस तोही मला ऐकू आला. उठून बघायची हिंमत झाली नाही, आणि खरं सांगायचं तर इच्छाही नव्हती.

चार वाजले असतील. पावलं माझ्यापाशी येऊन थांबली. डोळे उघडले तर स्वरा, फ्रॉकला साखर लागलेली, हातात बशी. बशीत एक पांढरं बिस्कीट, काठापर्यंत ओतलेलं, वर एक टिंबसुद्धा नाही.

"हे तुझं," ती म्हणाली.

मी उठून बसले. बशी मांडीवर घेतली. साखर अजून ओली होती आणि मधे जरा फुगलेली. तिच्याकडे पाहिलं तर ती दुसरीकडे बघत होती. मी परत बशीत पाहिलं, तेव्हा पांढऱ्यात एक फिकट गुलाबी ठिपका उमटला होता. मग त्याच्या शेजारी दुसरा. आम्ही दोघी बघत राहिलो. ठिपके लांबले, एकमेकांना मिळाले, आणि पांढऱ्याच्या तळातून एक वेडंवाकडं मम्मी सावकाश वर आलं.

"वाळू द्यायचं राह्यलं," स्वरा अगदी बारीक आवाजात म्हणाली. तिचे डोळे माझ्या हातांवर होते, तीन वर्षांपूर्वी सुरी होती त्या हातांवर. "आता खरवडशील काय?"

अर्चना, चुकलं माझं. हे तुला त्याच दिवशी म्हणायचं होतं, ताट आत गेलं तेव्हाच. मी स्वराला म्हणाले, "खरवडल्यानं जातं का गं कोणी?" आणि तिला जवळ घेतलं. बिस्कीट मोडून अर्धं तिला दिलं, अर्धं मी घेतलं. आम्ही खाल्लं. साखर तोंडात गेली तेव्हा मला तुझी भीती वाटली नाही.

पांढरं सारखं बसलं नव्हतं. मी काही बोलले नाही.